वेलीचे पाणी मोजणारा पाद्री : स्टीफन हेल्स



छाटणी झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बागेत सकाळी एक फेरी मारा. जमिनीत ओल असली तर छाटलेल्या काडीच्या टोकातून टप टप पाणी गळताना दिसेल. पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात हे कुणाला नवीन नाही. 1925 च्या सुमारास ओझरला पहिली बाग लागली असे जुने बागायतदार सांगतात, म्हणजे आपल्याकडच्या तीन-चार पिढ्यांनी हे गळणे पाहिले आहे. तरीही दर छाटणीला दोन-चार जण काळजीने विचारायला येतातच. वेल रिकामी तर होत नाही ना? डोळे फुटतील ना? याला काही लावू का? काही जण तर विचारायच्या आधीच दुकानातून काहीतरी आणून काडीला फासून मोकळे होतात.

हीच धास्ती सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या पाद्र्याने घेतली होती. त्याच्या घरच्या द्राक्षवेलीची छाटणी उशिरा झाली आणि ती गळू लागली. ते थांबवायला तो गेला आणि त्यातून झाड पाणी कसे ओढते, हे शास्त्र उभे राहिले. त्या माणसाचे नाव स्टीफन हेल्स. झाडाच्या पाण्याचा मोजून अभ्यास सुरू झाला तो याच्यापासून. आपण द्राक्षवाले, तेव्हा त्याची ओळख आपल्याला आधी असायला हवी.

शिकला देवाधर्माचे, रमला झाडापाल्यात

हेल्सचा जन्म 17 सप्टेंबर 1677 रोजी इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या बेक्सबोर्न गावी झाला. 1696 साली तो केंब्रिजला शिकायला गेला. शिक्षण पाद्री होण्याचे, पण सुट्टीच्या दिवशी विल्यम स्ट्युकली या मित्राबरोबर रानोमाळ भटकून वनस्पती गोळा करायचा. त्या काळी केंब्रिजमध्ये न्यूटनच्या विचारांचा मोठा दबदबा होता. सृष्टीतली प्रत्येक गोष्ट मापात, वजनात चालते, तेव्हा आधी मोजा आणि मग बोला, हे त्या विचाराचे सार. ते हेल्सच्या अंगात असे भिनले की पुढे जन्मभर तराजू, फूटपट्टी आणि काचेची नळी हीच त्याची हत्यारे झाली.

1709 मध्ये लंडनजवळ थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन या खेड्यात त्याची पाद्री म्हणून नेमणूक झाली. मोठ्या जागा पुढे चालून आल्या, पण हे गाव त्याने सोडले नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ तो तिथेच राहिला. लग्न झाले, पण पत्नी थोड्याच काळात वारली. मूलबाळ नव्हते. गावचे बारसे, लग्न, मयत सांभाळून उरलेल्या वेळात तो घरच्या बागेत प्रयोग करायचा. प्रयोगशाळा म्हणाल तर ती तेवढीच.

सुरुवातीला त्याने जनावरांच्या रक्ताचा दाब मोजला. घोडीच्या रक्तवाहिनीला काचेची उंच नळी जोडली, तर रक्त आठ फुटांच्या वर चढले. रक्तदाब असा प्रत्यक्ष मोजणारा तो पहिला माणूस. या प्रयोगांत मुकी जनावरे मरत. शेजारच्या गावात राहणारा अलेक्झांडर पोप हा नामांकित कवी त्याचा मित्र, पण त्यालाही हे पटत नसे. आजही वाचताना मन खट्टू होते. मात्र त्याच प्रयोगांमुळे हेल्सच्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला. जनावरात रक्त जोराने ढकलले जाते, मग झाडातला रस कोण वर चढवतो? झाडाला काळीज तर नाही. हे मोजायचे कसे, ते त्याला सुचेना. काही वर्षे तशीच गेली.

गळणाऱ्या वेलीने दिलेले उत्तर

1720 च्या आसपास ती छाटणीची गोष्ट घडली. जुने खोड उशिरा कापले गेले आणि पाणी थांबेना. वेल मरेल या भीतीने हेल्सने नाना उपाय केले, पण गुण येईना. शेवटी त्याने कापलेल्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी घट्ट बांधली. थोड्या वेळाने पाहतो तर ती कातडी आतल्या पाण्याच्या जोराने फुगलेली!

दुसरा कुणी असता तर त्याने आणखी घट्ट बांधले असते. हेल्सने कातडी काढली आणि तिथे काचेची नळी बसवली. रस नळीत चढू लागला. एक नळी भरली की त्याने वर दुसरी जोडली, मग तिसरी. एका वेलीत रस 21 फुटांवर चढला. आपला मांडव सहा-सात फुटांचा, म्हणजे तीन मांडव एकावर एक. मग त्याने पारा भरलेली वाकडी नळी लावून जोर मोजला. एका वेलीने पारा 38 इंच उचलला, म्हणजे पाण्याच्या हिशोबात 43 फुटांपेक्षा जास्त. घोड्याच्या मांडीच्या रक्तवाहिनीतल्या दाबाच्या हा जवळपास पाचपट निघाला. काळीज नसलेल्या, पाला नसलेल्या, नुसत्या खुंटाचा हा जोर!

हा जोर येतो कुठून? मुळांतून. मुळाच्या आत क्षार साठतात आणि त्या ओढीने जमिनीतले पाणी आत शिरते. वर पान नसल्याने ते खर्च होत नाही, म्हणून कापलेल्या तोंडातून बाहेर पडते. यालाच आज मूळदाब म्हणतात. तेव्हा बागेतली काडी गळताना दिसली तर पहिली गोष्ट समजा, की खाली मुळी जिवंत आहे, कामाला लागली आहे. गळणाऱ्या रसात बहुतांश पाणीच असते, क्षार आणि साखर अगदी थोडी. त्याने वेल मरत नाही. फुटीला पाने आली की गळणे आपोआप थांबते. याला वेगळे औषध नाही आणि त्यावर पैसा घालू नये. काळजी करायची वेळ उलटी असते. जमिनीत ओल आहे, छाटणी झाली आहे आणि तरीही पूर्ण बागेत काही वेली अगदी कोरड्या राहिल्या, तर त्यांच्या बुडाशी थोडे उकरून मुळी बघा.

सूर्यफुलाची कुंडी आणि तराजू

पण हेल्स एवढ्यावर थांबला नाही. भर उन्हाळ्यात, वेल पानाने भरलेली असताना त्याने खोड कापून पाहिले, तेव्हा पाणी गळेना. उलट कापलेले खोडच नळीतले पाणी ओढून घेऊ लागले. म्हणजे नुसता खालून रेटा हे उत्तर पुरे पडत नव्हते.

1724 च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याने साडेतीन फूट उंचीच्या सूर्यफुलाची कुंडी घेतली. कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले आणि सांधे लिंपले, म्हणजे मातीतून वाफ जायला नको. मग 15 वेगवेगळ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन केले. दिवसाच्या 12 तासांत त्या एका रोपाने सरासरी 1 पौंड 4 औंस पाणी हवेत सोडले, म्हणजे साधारण 570 ग्रॅम. कडक कोरड्या दिवशी हा आकडा 1 पौंड 14 औंसांवर, म्हणजे 850 ग्रॅमवर गेला. गरम कोरड्या रात्री फक्त 3 औंस. आणि भरपूर दव पडलेल्या किंवा पावसाच्या रात्री खर्च तर नाहीच, उलट कुंडीचे वजनच दोन-तीन औंस वाढले.

हे आकडे नीट वाचा, बंधूंनो. रोप तेच, कुंडी तीच, पण ऊन, हवा आणि दव बदलले की पाण्याचा खर्च बदलला. पाणी वर ओढणारे यंत्र पानात आहे आणि ते ऊन-वाऱ्यावर चालते, हे त्यातून दिसले. हेल्सने पुढे पाने मोजून त्यांचे क्षेत्रफळही काढले. त्या एका सूर्यफुलाच्या पानांचे क्षेत्र 39 चौरस फूट भरले, तर मुळांचे सुमारे 16 चौरस फूट. कोबी, सफरचंद, लिंबू, द्राक्षवेल, सगळ्यांवर त्याने असेच प्रयोग केले.

पानाच्या मुख्यतः खालच्या बाजूला बारीक तोंडे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. तिथून वाफ जाते, त्याची जागा भरायला मागचे पाणी पुढे सरकते, ती ओढ देठातून, काडीतून, खोडातून थेट मुळीपर्यंत पोचते. जुन्या विहिरीवरचा रहाट आठवा. वरचे चाक फिरले की खालची गाडगी एकामागोमाग येतात, मधली माळ तुटता कामा नये. झाडातली पाण्याची माळही अशीच अखंड असते. डिक्सन आणि जोली या दोन शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये याची पुरी उकल केली, पण पाया हेल्सचा. मोटारीने एअर धरली की पाणी तुटते ना? फार ताण पडला तर झाडाच्या नळीतही तसेच होते. म्हणून पाने पार सुकेपर्यंत वाट बघून मग एकदम पाणी देणे वेलीला महागात पडते.

साल आणि लाकूड : दोन वेगळे रस्ते

आता गर्डलिंगकडे येऊ. थॉमसन किंवा सोनाकाच्या मण्याची फुगवण व्हावी म्हणून आपण खोडाच्या सालीचे बारीक कडे काढतो. हे का चालते, याचे मूळही जुन्या प्रयोगांत आहे. इटलीच्या माल्पिगीने 1670 च्या दशकात पाहिले होते, की सालीचे कडे काढल्यावर कड्याच्या वरच्या बाजूला साल फुगते. हेल्सने पुढचे पाहिले. फांदीची साल काढून टाकली तरी पाने पाणी ओढतच होती. फांदीला दोन समोरासमोरच्या बाजूंनी, थोड्या अंतरावर, गाभ्यापर्यंत खाचा घेतल्या तरी पाणी वळसा घालून वर गेलेच. म्हणजे पाण्याचा रस्ता लाकडातून. मग त्याने फांदीवर वरून-खालून कडी काढून मध्ये सालीचे बेट ठेवले. ज्या बेटावर पानाचा डोळा होता ते खालच्या कडेला फुगले, ज्यावर नव्हता ते तसेच राहिले.

आज आपल्याला हे साध्या शब्दांत सांगता येते. लाकडातल्या जलवाहिन्या पाणी आणि क्षार वर नेतात. सालीतल्या रसवाहिन्या पानात तयार झालेली साखर जिथे गरज असेल तिथे पोचवतात, त्यात मुळीही आली. कडे काढले की साखरेचा खालचा रस्ता काही दिवस बंद होतो आणि वरचा माल मण्यांना मिळतो. पण तेवढे दिवस मुळी उपाशी असते, हे विसरू नका. जखम वेळेत भरून आली तर ठीक. पाते खोल जाऊन लाकडाला लागले तर पाण्याचाही रस्ता कापला जातो. कडे गरजेपेक्षा रुंद झाले आणि भरून आले नाही तर पुढच्या वर्षी वेल मागे पडते. ज्या बागेची मुळी आधीच कमजोर, तिथे गर्डलिंग करूच नये. मजूर घाईत असतो, रोजंदारीवर असतो. कडे किती खोल, हे पाहायला मालकाने स्वतः उभे राहिले पाहिजे.

गावासाठी झिजलेला माणूस

हेल्सने झाडांवरचे हे प्रयोग 1727 साली पुस्तकात छापले. त्या पुस्तकाला छपाईची मान्यता देणारी सही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष म्हणून खुद्द न्यूटनची होती. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत न्यूटन वारला. 1718 मध्येच हेल्स त्या सोसायटीचा सभासद झाला होता, 1739 मध्ये तिचे मानाचे कॉप्ली पदक त्याला मिळाले.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनी मात्र त्याचे दुसरे काम वाचावे. 1754 मध्ये टेडिंग्टनला स्वच्छ पाणी आणण्याच्या कामी त्याने पुढाकार घेतला. काम झाले की लोक नारळ फोडून मोकळे होतात, हेल्सने तिथेही मोजमाप केले. सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या तीन झोक्यांत दोन क्वार्टचे, म्हणजे सुमारे दोन लिटरचे भांडे भरले पाहिजे, अशी नोंद त्याने चर्चच्या दप्तरात करून ठेवली. पुढच्या पिढीला पाणी कमी झाले का, हे कळावे म्हणून. आपल्या नळपाणी योजनेच्या दप्तरात अशी एक तरी ओळ सापडते का, बघा. बादली आणि घड्याळ तर प्रत्येक गावात आहे.

त्या काळी इंग्लंडात दारूने घरेच्या घरे बुडत होती. 1734 मध्ये त्याने दारूविरुद्ध पुस्तिका काढली. 1740 च्या दशकात हाताने चालणारे मोठे वायुवीजन भाते तयार करून त्याने जहाजांत, तुरुंगांत, दवाखान्यांत बसवायला लावले, कोंदट हवेने माणसे मरत होती म्हणून. तेच भाते धान्य सुकवायला आणि कोठारातले धान्य टिकवायलाही वापरावेत, हा त्याचा आग्रह होता.

4 जानेवारी 1761 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, हेल्स टेडिंग्टनलाच वारला. त्याच गावच्या चर्चच्या मनोऱ्याखाली त्याला पुरले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये राजघराण्यातल्या ऑगस्टा राजकुमारीने त्याचे स्मारक उभारले.

आपल्या बागेत काय घ्यायचे?

आता म्हणाल, तीनशे वर्षांपूर्वीचा गोरा पाद्री, त्याचे आम्हाला काय? माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका भारी काळ्या जमिनीतल्या बागेची पाने पिवळी पडली होती. मी वरवर पाहिले आणि खताची मात्रा वाढवायला सांगितली. शेतकऱ्याने विश्वासाने वाढवली, पाणीही जास्त सोडले. पिवळेपणा वाढला. शेवटी एका जुन्या बागायतदाराने कुदळ घेऊन बुंध्याशी उकरले. माती चिखलासारखी, पांढरी मुळी नावाला नाही, जी होती ती तपकिरी पडलेली. मुळीला हवाच मिळत नव्हती, ती खत उचलणार कशी? त्या शेतकऱ्याचा खताचा पैसा आणि एक हंगाम गेला, आणि तो माझ्या सल्ल्याने गेला. तेव्हापासून उकरून मुळी पाहिल्याशिवाय मी कुणाला मात्रा सांगत नाही.

हेल्सच्या कुंडीवरून आपल्याला चार गोष्टी घेता येतात.

एक, ठिबकचा वेळ हवेप्रमाणे बदला. ढगाळ, दवाच्या, धुक्याच्या दिवसांत पाने पाणी कमी ओढतात. त्या दिवशीही नेहमीइतकेच पाणी सोडले तर ते मुळाशी साचते. निफाडची थंडी तर राज्यात प्रसिद्ध आहे. माती गार पडली की मुळीचे काम मंदावते. अशा वेळी ठिबकमधून खत सोडून घाईने हिरवेपणा येत नाही.

दोन, कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर जाते, आणि पाणी जास्त पानांकडे जाते, फळाकडे कमी. टोमॅटोच्या खालच्या टोकाला काळा, दबलेला डाग पडतो ना? बरेचदा जमिनीत कॅल्शियम असते, पण पाणी एक दिवस तुडुंब आणि चार दिवस कोरडे, अशा धरसोडीने ते फळापर्यंत पोचत नाही. पिंपळगावच्या टोमॅटो मार्केटला असा माल नेला की भाव पडतो आणि दोष आपण बियाण्याला देतो. आधी पाण्याची पाळी सुधारा.

तीन, काढणीला आलेल्या बागेवर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. मुळी पाणी उचलते, हवेत दमटपणा असल्याने पानांतून ते फारसे जात नाही, मण्याची सालही वरून पाणी पिते, आणि आतल्या दाबाने ती फाटते. पाऊस आपल्या हातात नाही. पण माल पक्वतेला आल्यावर बागेला धरसोड पाणी न देणे आणि पावसाचे पाणी सरीत साचू न देता चर काढून बाहेर घालवणे, एवढे आपल्या हातात आहे.

चार, पान हेच वेलीचे इंजिन आहे. करपा, भुरी, डाऊनीने पाने गेली की नुसती साखर कमी होत नाही, पाणी ओढण्याची ताकदही जाते. मग खाली कितीही ओता.

शेवटी एक काम सांगतो, करून बघा. घरी एक कुंडीतले रोप घ्या, मिरचीचे चालेल, टोमॅटोचे चालेल. पोटभर पाणी देऊन निथळू द्या. कुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून पिशवीचे तोंड खोडाभोवती सुतळीने बांधा. दुकानातल्या वजनकाट्यावर सकाळी वजन करा, संध्याकाळी करा, वहीत लिहा. आठ दिवस असे करा, त्यात एखादा ढगाळ दिवस आला तर उत्तमच. शाळेत जाणाऱ्या मुलाला बरोबर घ्या. आठव्या दिवशी तुमच्या हातात तुमच्या गावच्या हवेचे, तुमच्या स्वतःचे आकडे असतील. तसेच दहा ओळींनंतर एकदा, वेलीच्या बुडाशी वीतभर उकरून पांढरी मुळी पाहण्याची सवय लावा.

पुढच्या छाटणीला काडी गळताना दिसली तर घाबरू नका. वेल सांगते आहे की मुळी जागी आहे. तिला जागी ठेवणे एवढेच आपले काम.